जागा घेताना आणि घर भाड्याने देताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जागेचे जे दावे वर्षानुवर्षे चालतात, त्यांचे मूळ बहुधा सही करण्यापूर्वी कोणी न वाचलेल्या कागदात सापडते. वकील नंतर कितीही चांगला मिळाला, तरी त्या कागदातील उणीव त्याला भरून काढता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक वडिलोपार्जित जमीन घेताना होते. वडील वारल्यावर भावांनी आपल्यापुरतीच वारसा नोंद करून घेतलेली असते, उताऱ्यावर दोघांचीच नावे दिसतात आणि चंदगड किंवा गडहिंग्लजला दिलेल्या बहिणींचा कोठे उल्लेखही नसतो. खरेदीदार ईसी (मिळकतीवर नोंदलेल्या व्यवहारांचा व बोजांचा दाखला) काढतो, त्यात बोजा दिसत नाही, म्हणून निर्धास्त होऊन पैसे मोजतो. पण ईसीमध्ये केवळ नोंदणी झालेले व्यवहार येतात; वारसांची संख्या किंवा कोर्टात पडलेला वाटणीचा दावा त्यात सहसा दिसत नाही, आणि महसुली नोंदीने मालकी सिद्धही होत नाही. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतक्याच हक्काच्या हिस्सेदार, ठरवले आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी मात्र या दुरुस्तीमुळे उलटत नाही. त्यामुळे वंशावळ मागवा आणि प्रत्येक बहिणीची खरेदीपत्रावर सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. ‘बहिणी काही बोलायच्या नाहीत’ या भावाच्या शब्दाला कोर्टात किंमत नसते. बहिणींनी दावा जिंकला, तर खरेदीदाराच्या हाती विकणाऱ्यांचाच हिस्सा राहतो आणि तोही वाटणी होईपर्यंत जमिनीवर कोठे आहे हे सांगता येत नाही. व्यवहारापूर्वी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने शोध घ्यावा, कारण दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या निकालाला बांधील राहते.

आपल्या भागाची एक अडचण निराळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने दस्त मराठीत आणि काही मोडीत आहेत, तर नंतरच्या नोंदी कन्नडमध्ये आहेत. आडनावाचे कन्नड रूप, हिश्श्याचा आकडा आणि चतुःसीमा यांत फरक पडलेला असतो आणि तो खरेदीनंतर शेजाऱ्याशी वाद झाल्यावरच ध्यानात येतो. जुना दस्त जाणकाराकडून वाचून घ्या आणि नावातील चूक विकणाऱ्याकडूनच खरेदीपूर्वी दुरुस्त करवून घ्या. आरटीसी उताऱ्याचा (कर्नाटकातील सातबाऱ्याचा) अकरावा रकाना, म्हणजे इतर हक्क आणि बोजे यांचा, मालकाच्या नावाइतकाच काळजीपूर्वक वाचावा. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन असेल, तर कर्नाटकाच्या 1978 च्या कायद्यानुसार ती सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही; 2023 च्या दुरुस्तीनुसार अशी जमीन परत मागण्याच्या अर्जाला कायद्यात मुदतीची मर्यादा नाही.

गुंठ्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्लॉटबद्दल थोडक्यातच लिहितो. 2020 पासून शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येते, पण म्हणून ती बिनशेती होत नाही. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आऊटचा नकाशा नसेल, तर दलालाचे आश्वासन ऐकून संचकार (इसारा) देऊ नये.

आता भाडेकरूकडे वळू. अकरा महिन्यांचा करार संपतो, भाडे येत राहते आणि घरमालक नवा करार करायचे विसरतो. मालकाने भाडे स्वीकारल्यावर भाडेकरूचा ताबा साधारणपणे महिनेवारी ठरतो आणि त्याला बाहेर काढण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. एका वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदवलाच पाहिजे. ‘तीन वर्षे’ असे लिहून नोंदणी टाळल्यास त्यातील अटी कोर्टात सिद्ध करता येत नाहीत. मुद्रांक कमी पडला असेल, तर दस्त अडकवून ठेवला जातो आणि तो कोर्टात पुरावा म्हणून वाचला जाण्याआधी शुल्काच्या दहा पटीपर्यंत दंड भरावा लागतो. कन्नडमधील छापील नमुन्यावर दोन्ही बाजूंनी अर्थ न समजता सह्या करणे तर आपल्याकडे सर्रास चालते. असा नमुना ओळीने मराठीत समजावून घ्यावा आणि तसे समजावल्याची नोंद दस्तातच करून घ्यावी. बारा वर्षे राहिलेला भाडेकरू मालक होतो, ही भीती मात्र निराधार आहे, कारण भाडेकरू म्हणून आत आलेल्याला मालकाची मालकी नाकारता येत नाही.

भाडे थकले म्हणून रागाच्या भरात कुलूप लावणे, पाणी तोडणे किंवा वीज बंद करणे ही सर्वांत हानिकारक चूक आहे. अशा रीतीने हुसकलेल्या माणसाला सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवता येतो आणि तेथे मालकी कोणाची हा प्रश्न विचारला जात नाही. नोटीस दिल्यानंतर भाडे घ्यावे लागले, तर पावतीवर ‘हक्क राखून, वापराच्या मोबदल्यापोटी’ असे लिहावे. साधी पावती दिल्यास, मालकाने नोटीस सोडून दिली असा युक्तिवाद भाडेकरूचा वकील हमखास करतो. नोटीस पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावी आणि पोच, टपालाची पावती व नोटिशीची प्रत मूळ कराराबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावी.