समोरच्या फोकसचा त्रास: आधी पाना, मग अर्ज

मी वायरमन. कोल्हापुरात तीसेक वर्षं हाच धंदा. म्हणून आधीच कबूल करतो, लोकांच्या खिडकीत घुसणारे निम्मे फोकस माझ्यासारख्यांनीच बसवलेले असतात. आम्ही लाइट दुपारी बसवतो, स्विच मारून "लागला" म्हणतो, पैसे घेतो आणि जातो. रात्री तो कुठं पडतो हे बघायला कोण जातंय?

मला ते मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी शिकवलं. त्यांच्या समोरच्या गोडाऊनवर मी १०० वॅटचा एलईडी फोकस मारला होता. तिसऱ्या रात्री साडेअकराला फोन. "तूच बसवलायस न्हवं? मग ये आता आणि आमच्या घरात झोपून दाखव." गेलो. घरातले दिवे बंद, पडदा ओढलेला, तरी भिंतीवर खुंटीची सावली कात्रीनं कापल्यासारखी पडलेली. वर काकूंनी चहा पाजला, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

तुमच्याकडं असा त्रास असेल तर पहिल्यांदा हीच परीक्षा करा. खोलीतला दिवा घालवा आणि भिंतीसमोर हात धरा. बोटांची ठळक सावली पडली तर बाहेरचा उजेड जास्त आहे. मग खिडकीत उभं राहून बघा, फोकसच्या आतला चमकणारा तुकडा थेट दिसतोय का. उजेड दिसला तर चालतो, उजेडाचं मूळ दिसायला नको. डोळे दिपतात ते त्या मुळामुळं.

फोनवर लक्स, म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप, मोजायचं ॲप मिळतं. फोनचा सेन्सर पडद्याच्या बाजूला वरच्या कडेला असतो, म्हणून स्क्रीन बाहेर करून खिडकीच्या काचेला फोन लावायचा. आकडा काट्यावर तोललेला नसतो, पण अंदाज येतो. प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीत शहराच्या मध्यम उजेडाच्या वस्तीत खिडकीवर उशिरा रात्री २ लक्स आणि त्याआधी १० लक्स ही मर्यादा आहे. तो आपल्याकडचा कायदा नाही, पण अर्जात आकडा असला की साहेब निदान चष्मा लावून वाचतात. तुलनेला सांगतो, पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा भरत नाही, आणि आपल्या भारतीय मानकात गल्लीबोळातल्या रस्त्यावर ४ ते ८ लक्स पुरेसे धरलेत. काकूंच्या काचेवर त्या रात्री २६ दाखवत होतं. तीन रात्री वेळ घालून आकडे वहीत लिहा, फोटो काढा. फोटोत ओळखीची काहीतरी खूण येऊ द्या, नाहीतर नुसता पांढरा डाग दिसतो.

आता अर्ज लिहायला बसू नका. आधी मालकाकडं जा, आणि जमलं तर रात्रीच बोलवून घ्या. दुपारी सांगितलेलं त्याला पटणार नाही. "उजेड कमी केला की चोऱ्या होतात," हे तो म्हणणारच. त्याला त्याच्याच सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्र दाखवायला सांगा. डोळ्यात मारणाऱ्या फोकसखाली गाडीचा नंबर पांढरा फटक येतो, आणि फोकसच्या मागं उभा माणूस कॅमेऱ्यालाही दिसत नाही आणि वॉचमनलाही. गोडाऊनवाला हे बघून गप्प झाला. माझ्या भाषणानं झाला नसता.

दुरुस्ती म्हणाल तर दहा मिनिटांची. मेन स्विच बंद करा. फोकसच्या यू-पट्टीला दोन्ही बाजूंनी बोल्ट असतात, बहुतेक वेळा १३ नंबरचा पाना लागतो. ढिले करून फोकस इतका खाली वाकवायचा की पुढची काच जमिनीला समांतर झाली पाहिजे. मग उजेड आडवा जात नाही, खाली पडतो. लांबपर्यंत पोहोचत नाही अशी तक्रार आली तर फोकस वाकडा करू नका. थोडा उंच लावा, किंवा एका बाजूलाच उजेड फेकणारा फ्लड घ्या, त्याची काच सपाट ठेवूनही पुढं पडतो. तरीही एका खिडकीला लागत असेल तर घोड्याच्या झापडीसारखी पत्र्याची झापड करून घ्यायची. फक्त पाठीमागचे ॲल्युमिनियमचे पंख झाकू नका, एलईडीची गरमी तिथूनच बाहेर जाते. झाकले की दिवा लवकर मरतो.

वॅट आणि रंगाचं थोडक्यात. दारापुढं १०० वॅट कशाला? मी तिथं ३० चा लावला. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलं असेल तर तो निळसर पांढरा. ३००० किंवा त्याखालचा, म्हणजे वॉर्म व्हाइट, मागून घ्या. टायमर नाहीतर हालचालीवर लागणारा सेन्सर बसवला की भांडणच मिटतं.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून वर कुठवर चढली, याचा हिशेब सगळं गाव ठेवतं. वाटेत कुणाचा पत्रा आडवा आला तर तो काढायची मागणी होते. उजेडाची वाट आपल्याला कळत नाही असं कोल्हापूरकरानं तरी म्हणू नये.

मालक ऐकत नसेल तर मग कागद. इथं लोक चुकतात. "लाइट फार आहे" एवढंच लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर बसत नाही, कारण आवाजाला जसा रात्री दहाचा नियम आहे तसा उजेडाला नाही. म्हणून कायद्याला जे कळतं त्या भाषेत लिहायचं.

रस्त्यावरचा खांब असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाला, खांबाचा नंबर घालून. दिवा बंद करा म्हणू नका, कोन बदला आणि झापड लावा म्हणा. बंद करा म्हटलं की गल्लीतले बाकीचे तुमच्यावर उठतील.

झगमगता जाहिरात फलक असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ खाली आयुक्तांची परवानगी लागते. माहिती अधिकारात त्या परवानगीची आणि अटींची प्रत मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. पुष्कळदा प्रत मागितल्यावरच फलकवाला जागा होतो.

टर्फ (भाड्यानं मिळणारं खेळाचं मैदान), हॉल, गॅरेज असा धंदा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे, पूर्वीचं १३३. धंद्यामुळं वस्तीच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा येत असेल तर प्रांताधिकारी उपद्रव हटवायचा आदेश काढू शकतात. पण त्रास 'वस्तीला' हवा, एकट्या तुम्हाला नव्हे. म्हणून शेजारच्या पाच-सात घरांच्या सह्या घ्या. मजकूर साधा ठेवा: "अमुक ठिकाणचे फ्लडलाइट रात्री अकरानंतरही चालू राहतात. सोबतच्या नोंदीप्रमाणे खिडकीवर इतके लक्स उजेड येतो. वृद्ध व मुलांची झोप होत नाही, वळणावर दुचाकीस्वारांचे डोळे दिपतात. दिव्यांचा कोन खाली करण्याचा व अकरानंतर बंद ठेवण्याचा आदेश व्हावा." पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

शहराला लागून पण महापालिकेच्या हद्दीबाहेर, पाचगाव, उचगावकडं राहत असाल तर महापालिकेत हेलपाटा मारू नका. हद्दवाढीचं घोंगडं अजून भिजतंय, तुमचा अर्ज ग्रामपंचायतीत. तिथं ठरावासाठी एक उदाहरण द्या: पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडं तोंड करणारे बसवले. आणि राधानगरीकडं कुणाचं होमस्टे असेल तर मे-जूनमध्ये अंगणातला फोकस घालवाच. काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात, फोकसच्या झोतात त्यांना एकमेकांचं काय दिसणार?

काम झालं तरी वर्षातून एकदा बघायला जा. वाऱ्या-पावसानं बोल्ट ढिले होतात. काकूंच्या समोरचा फोकस दर श्रावणात दोन बोटं वर सरकतो, आणि काकूंचा फोन काही चुकत नाही.