डेटिंग अ‍ॅपवर आईपण सांगावे, मूल दाखवू नये

एकल मातेने आपल्याला मूल आहे ही गोष्ट डेटिंग अ‍ॅपवर लपवू नये, कारण ज्याला ती मान्य नाही तो पहिल्याच टप्प्यावर बाजूला झालेला बरा. मात्र मुलाचे छायाचित्र, नाव किंवा शाळा यांपैकी काहीही प्रोफाइलवर येता कामा नये. मुलाचा चेहरा झाकला म्हणजे भागले, असे नाही. गणवेशावरचे बोधचिन्ह, स्कूलबसवरचे नाव किंवा मागे दिसणारी सोसायटीची पाटी यांवरून ठावठिकाणा सहज लागतो, आणि तेच छायाचित्र तुमच्या खुल्या फेसबुक खात्यावरही असेल तर गूगलच्या चित्रशोधातून तुमचे पूर्ण नावही हाती लागू शकते. म्हणून अ‍ॅपसाठी इतरत्र कुठेही न टाकलेले नवे छायाचित्र काढावे.

मोबाइल क्रमांक देण्याचीही घाई करू नये, कारण तो यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकला की बँक खात्यावरचे नाव बहुधा समोर येते, ही बाब अनेकींच्या लक्षातच येत नाही.

पहिली भेट मूल शाळेत असताना, दिवसा, वर्दळीच्या कॅफेत ठरवावी, मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवावे आणि घरापर्यंत सोडण्याचा आग्रह नम्रपणे नाकारावा. तुमच्यापेक्षा तुमच्या मुलाचीच अधिक चौकशी करणाऱ्याशी, तो कितीही मायाळू वाटो, संभाषण तिथेच थांबवावे. कोणी पैसे उकळलेच, तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार नोंदवावी.