सर्दी-तापाची एकत्रित औषधे: नाव नव्हे, घटक मोजावेत

नाक चोंदले आहे, अंगात कणकण आहे आणि डोके जड झाले आहे, अशा वेळी ‘सर्दीची गोळी’ म्हणून आपण जी गोळी घेतो ती बहुधा एक औषध नसते. ती तीन-चार औषधांची एकत्र बांधलेली मोट असते. ताप आणि अंगदुखी उतरवणारे एक, नाक मोकळे करण्यासाठी दुसरे, शिंका आणि नाकाचे गळणे थांबवण्यासाठी तिसरे, आणि कधी त्यात खोकला दाबणारे औषध किंवा कॅफीन अशी चौथ्याची भर. यांपैकी एकही औषध सर्दीचा विषाणू मारत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपल्या गतीने बरी होते, खोकला त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो, आणि गोळी मधले दिवस सुसह्य करते इतकेच. म्हणून औषध निवडताना ‘कोणती गोळी भारी’ असे विचारण्याऐवजी, आपल्याला यातल्या कोणत्या घटकाची गरज आहे आणि तोच घटक दुसऱ्या एखाद्या औषधातून आधीच पोटात जात आहे का, हे पाहावे.

पहिले काम म्हणजे पट्टीची पाठ वाचणे. पुढच्या बाजूला ठळक छापलेले नाव कंपनीने ठेवलेले असते आणि त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. एकाच नावाला ‘प्लस’, ‘कोल्ड’, ‘नाइट’ अशी शेपटे जोडून वेगवेगळ्या घटकांची औषधे विकली जातात. खरी माहिती बारीक अक्षरांत, ‘प्रत्येक गोळीत’ या शब्दांपुढे, मिलिग्रॅमच्या आकड्यांसह दिलेली असते. पट्टी कापून दोन-चार गोळ्या घेतल्या की नेमका हाच मजकूर अर्धा तुटतो, आणि आठवड्याने औषधांच्या डब्यात सापडलेल्या त्या तुकड्यावर घटकाची दोन अक्षरे आणि मुदतीचा निम्मा आकडा एवढेच उरते. असा तुकडा मी टाकून देतो. घटक वाचता येत नाहीत ती गोळी घेऊच नये.

घटकांच्या यादीत सर्वांत आधी शोधायचे नाव पॅरासिटामॉल. अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये हेच औषध ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते, त्यामुळे परदेशातून आलेल्या औषधात ते ओळखू येत नाही. ठरलेल्या मात्रेत घेतले तर ते ताप आणि वेदना यांवरचे भरवशाचे औषध आहे, आणि गोंधळाचे मूळही त्याच्या याच लोकप्रियतेत आहे. ते सर्दीच्या गोळीत असते, तापाच्या गोळीत असते, डोकेदुखीच्या, पाठदुखीच्या आणि पाळीच्या दुखण्याच्या कित्येक गोळ्यांतही असते, आणि गरम पाण्यात विरघळवून प्यायच्या पुडीतही असते.

हिशेब कसा चुकतो ते एका उदाहरणाने पाहू. एका व्यक्तीने सर्दीची एकत्रित गोळी दिवसातून तीनदा घेतली. प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १५०० मिलिग्रॅम. ताप उतरत नाही म्हणून तिने ६५० मिलिग्रॅमची तापाची वेगळी गोळी दिवसभरात चार वेळा घेतली; ते झाले २६०० मिलिग्रॅम. दोन्ही औषधांच्या पाठीवर लिहिलेल्या मर्यादेत राहूनही बेरीज ४१०० मिलिग्रॅम होते, आणि निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांतील कमाल मर्यादा आहे ४००० मिलिग्रॅम. रात्री झोपण्यापूर्वी १००० मिलिग्रॅमची एक पुडी गरम पाण्यातून घेतली तर आकडा ५१०० वर जातो. या माणसाने कोणताही आततायीपणा केलेला नाही. त्याने तीन वेगवेगळ्या नावांची औषधे घेतली, एवढेच. ज्यांचे वजन ५० किलोपेक्षा कमी आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे, जे नियमित मद्यपान करतात किंवा आजारपणात ज्यांचे खाणे-पिणे जवळजवळ थांबले आहे, त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनाच विचारून ठरवावी.

यकृत पॅरासिटामॉलचा निचरा करत असताना त्याच्या थोड्या भागाचे एक विषारी द्रव्य बनते. ग्लुटाथायोन नावाचा शरीरातलाच पदार्थ ते निकामी करतो. मात्रा जास्त झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवर उलटते. यातली फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही. थोडी मळमळ होते, एखादी उलटी होते, आणि ती सर्दीच्याच खात्यावर टाकली जाते. यकृताची हानी दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. म्हणून मात्रा जास्त झाल्याचे लक्षात आले तर बरे वाटत असले तरी वाट न पाहता सर्व पट्ट्या बरोबर घेऊन रुग्णालयात जावे. ॲसिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा उपलब्ध आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

काही एकत्रित औषधांत पॅरासिटामॉलऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, आयब्युप्रोफेन असते. पोटात व्रण असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि वेदनाशामकांनी ज्यांचा दमा उसळतो अशांनी ते टाळावे. ताप डेंग्यूचा असण्याची शंका असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही दूर ठेवावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता नाकाकडे वळू. नाक चोंदते ते केवळ शेंबडाने नव्हे. नाकाच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्या फुगतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. नाक मोकळे करणारी औषधे या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पोटातून घ्यायच्या गोळ्यांत या कामासाठी बहुतेक वेळा फिनाइलएफ्रीन घातलेले असते, आणि याबाबत मला स्पष्टच लिहावेसे वाटते: गोळीतून घेतलेल्या फिनाइलएफ्रीनने नाक मोकळे होते असे मानायला आधार उरलेला नाही. आतडे आणि यकृत यांतच त्याचा मोठा भाग निष्प्रभ होतो आणि नाकापर्यंत फारच थोडे पोहोचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने हाच निष्कर्ष काढला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने हा घटक विनाचिठ्ठी मिळणाऱ्या, पोटातून घ्यायच्या औषधांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. नाकात मारायच्या फवाऱ्यातील फिनाइलएफ्रीनला हा निष्कर्ष लागू नाही.

नाक मोकळे करणारे दुसरे औषध, स्यूडोएफेड्रीन, मात्र काम करते. ते सर्व शरीरातल्या रक्तवाहिन्यांवर काम करत असल्याने रक्तदाब वाढवते, छातीत धडधड आणते आणि रात्रीची झोप उडवते. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांनी ते घेऊ नये, आणि थायरॉइडची अतिक्रियता असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. (त्यापासून मेथॲम्फेटामिन हे अमली द्रव्य बनवता येत असल्याने अनेक देशांत त्याच्या विक्रीवर बंधने आहेत, फिनाइलएफ्रीन इतक्या गोळ्यांत शिरले त्याचे हे एक मोठे कारण.)

केवळ नाक चोंदले असेल आणि ताप नसेल, तर एकत्रित गोळी घेण्याचे कारणच राहत नाही. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब किंवा फवारा कोणालाही चालतो. त्याने भागले नाही तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा फवारा काही मिनिटांत नाक मोकळे करतो, पण तो तीन दिवस, फार तर पाच दिवस वापरावा. त्यापुढे वापरत राहिल्यास फवाऱ्याचा असर ओसरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, माणूस पुन्हा फवारा मारतो, आणि सर्दी केव्हाच गेलेली असूनही बाटली काही उशापासून हलत नाही.

शिंका आणि गळणारे नाक यांसाठी गोळीत क्लोरफेनिरामिनसारखे जुन्या पिढीतील ॲलर्जीविरोधी औषध असते. त्याने पेंग येते, तोंडाला कोरड पडते आणि प्रतिक्रिया मंदावते. ते घेतल्यावर वाहन किंवा यंत्र चालवू नये, आणि त्यासोबत मद्य, झोपेची गोळी किंवा गुंगी आणणारे दुसरे औषध घेऊ नये. ॲलर्जीसाठी रोज सेटिरिझिन घेणाऱ्याने सर्दीची एकत्रित गोळी घेतली तर त्याच जातीची दोन औषधे एकदम पोटात जातात, ही नेहमी दुर्लक्षिली जाणारी बाब आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी या औषधाने अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढू शकतो, आणि वयस्कर माणसे त्याने गोंधळतात किंवा तोल जाऊन पडतात. रात्री उठताना आजोबांचा तोल गेला तर दोष अशक्तपणाला दिला जातो. त्या दिवशीची गोळी तपासावी असे सहसा कोणाला सुचत नाही.

खोकला दाबण्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर नैराश्यावरची औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे, कारण काही औषधांशी त्याचा संयोग होऊन सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचे प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक गटातील (नैराश्य किंवा पार्किन्सनवर दिले जाणारे) औषध चालू असताना, किंवा ते बंद करून १४ दिवस होण्याआधी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि स्यूडोएफेड्रीन ही दोन्ही निषिद्ध आहेत. गर्भवती स्त्रियांनी कोणतीही एकत्रित गोळी स्वतःहून घेऊ नये. ताप असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने केवळ पॅरासिटामॉल घेता येते.

लहान मुलांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: सहा वर्षांखालील मुलाला सर्दी-खोकल्याचे एकत्रित सिरप देऊ नये. काही देशांच्या औषधांवर चार वर्षांची, तर काहींच्या औषधांवर सहा वर्षांची मर्यादा छापलेली असते, पण त्यामागचा विचार एकच आहे, की या वयात त्यांचा फायदा दिसून आलेला नाही आणि गुंगी, झटके, हृदयाचे ठोके वाढणे असे अपाय मात्र नोंदले गेले आहेत. मुलाला तापामुळे अस्वस्थ वाटत असेल तर एकट्या पॅरासिटामॉलने काम भागते. त्याची मात्रा वयावरून अंदाजपंचे न ठरवता वजनावरून ठरवावी: एका वेळी प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलो वजनाच्या मुलासाठी हे १२० ते १८० मिलिग्रॅम होते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ५ मिलिलिटर दिले तर मात्रा बरोबर बसते. पण तेवढेच ५ मिलिलिटर २५० मिलिग्रॅमच्या सिरपमधून दिले तर ती दुप्पट होते, आणि तान्ह्या बाळांसाठीच्या, १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतून दिले तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. मागच्या वेळी ‘एक चमचा’ दिला होता ही आठवण म्हणूनच कामाची नाही. शिवाय घरातले चमचे लहानमोठे असतात, तेव्हा औषधासोबत आलेले मापाचे झाकण किंवा सिरिंजच वापरावी. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण विषाणूजन्य आजारात त्याने राय सिंड्रोम हा मेंदू व यकृताचा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. एक वर्षावरील मुलाच्या खोकल्यासाठी झोपण्यापूर्वी थोडा मध द्यायला हरकत नाही. त्याखालील बाळाला मध अजिबात देऊ नये.

तापाचा आकडा खाली आणण्यासाठी औषधांचा मारा करण्याची गरज नसते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट, याच्या वर ताप धरला जातो, पण माणूस पाणी पीत असेल, बोलत असेल, झोपू शकत असेल तर गोळी घेतलीच पाहिजे असे नाही. ताप येईल म्हणून आधीच घेऊन ठेवणे तर निरर्थक आहे. आणि घड्याळ लावून दर सहा तासांनी एकत्रित गोळी घेत राहिल्यास, ताप गेल्यावरही त्यातले बाकीचे तीन घटक विनाकारण पोटात जात राहतात. ताप, नाक आणि खोकला एकाच वेळी त्रास देत असतील तो एक-दोन दिवसांचा काळच या गोळ्यांचा; त्यानंतर जे लक्षण उरले असेल त्याचे एकेरी औषध घ्यावे.

घरात आजारपण असताना एक साधा कागद फ्रिजवर किंवा औषधांच्या डब्याला चिकटवावा आणि प्रत्येक वेळी त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: वेळ, औषधाचे नाव आणि त्यातील पॅरासिटामॉल. ‘सकाळी ८, सर्दीची गोळी, ५००’, ‘दुपारी १, तापाची गोळी, ६५०’ इतके पुरे. घरात दोघे आळीपाळीने आजाऱ्याची काळजी घेत असतील तर हा कागद अधिकच उपयोगी पडतो, कारण एकाने दिलेले औषध दुसऱ्याला माहीत नसल्याने तीच मात्रा पुन्हा दिली जाते.

तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश ताप आला तर औषध देत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. इतरांनी ताप तीन दिवसांवर टिकला, उतरून पुन्हा चढला, श्वास घेताना दम लागू लागला, छातीत दुखले, मान ताठ झाली, अंगावर पुरळ आले किंवा भ्रम होऊ लागला तर दुखणे अंगावर काढू नये. डोळे पिवळे दिसणे किंवा पोटाच्या उजव्या बाजूस बरगड्यांखाली दुखणे ही यकृताला इजा झाल्याची चिन्हे असू शकतात. डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि घेतलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात.