टचपॅडवरचा कर्सर भरकटतो तेव्हा: दोष शोधण्याचा योग्य क्रम

बोट टचपॅडवर नसतानाही कर्सर पडद्याच्या कोपऱ्याकडे सरकत जातो. मजकूर टाइप करताना तो मध्येच उडी मारून भलत्या ओळीत जाऊन बसतो आणि उरलेले वाक्य दुसऱ्याच परिच्छेदात उमटते. एखाद्या लहान बटणाकडे नेताना तो जागच्या जागी थरथरतो. या तिन्ही तक्रारी वरवर सारख्या वाटल्या तरी त्यांची मुळे बहुधा वेगवेगळी असतात. अशा वेळी पुष्कळ जण आधी ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड आणि विंडोज यांचा मेळ घालणारा छोटा प्रोग्राम, काढून पुन्हा घालतात आणि तेवढ्याने भागले नाही तर विंडोजच नव्याने बसवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. दोष अनेकदा भिंतीवरच्या प्लगमध्ये, तळहाताच्या घामात किंवा मनगटावरच्या बांगडीत असतो आणि तो ओळखण्यासाठी एकही सेटिंग उघडावी लागत नाही.

मात्र सगळ्यांच्या आधी एक तपासणी सुरक्षिततेसाठी करावी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि डोळे टचपॅडच्या पातळीला आणून बाजूने पाहावे. टचपॅड मध्यभागी फुगलेला दिसत असेल, त्याची एखादी कड वर आली असेल, पूर्वी सहज होणारे क्लिक आता घट्ट झाले असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर खालची लिथियम बॅटरी फुगल्याची शक्यता आहे. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली किंवा शेजारी असते आणि आत वायू साठून ती फुगली की टचपॅडला खालून रेटते. असे दिसल्यास पुढचे काहीही करू नये: चार्जर काढावा, यंत्र बंद ठेवावे, टचपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, बॅटरीला टोचू नये आणि लॅपटॉप सेवा केंद्रात न्यावा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. ती केंद्राकडेच किंवा ई-कचरा संकलनासाठी द्यावी.

बॅटरी ठीक असेल, तर टचपॅड काम कसे करतो हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या विद्युतवाहक रेषांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि नियंत्रक चिप जाळीवरचे असे बदल सतत मोजून बोट कोठे आहे याचे अनुमान काढते. म्हणजे टचपॅडला दाब कळत नाही, बोटही कळत नाही. कळतो तो एक अत्यंत सूक्ष्म विद्युत बदल. तेवढाच बदल पाण्याच्या थेंबामुळे, ओल्या तळव्यामुळे किंवा चार्जरकडून आलेल्या विद्युत गोंगाटामुळे, म्हणजे विजेतल्या नको असलेल्या जलद चढउतारांमुळे, झाला, तरी चिपला तो बोटासारखाच भासू शकतो.

म्हणून पहिला प्रयोग चार्जरचा. चार्जर काढून दहा मिनिटे बॅटरीवर काम करावे. कर्सर लगेच शहाण्यासारखा वागू लागला आणि चार्जर लावताच पुन्हा बिघडला, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेचे लॅपटॉपला लागणाऱ्या कमी व्होल्टच्या विजेत रूपांतर करताना अ‍ॅडाप्टरमधील स्विचिंग परिपथ उच्च वारंवारतेचा गोंगाट निर्माण करतो. तो रोखण्यासाठी चांगल्या अ‍ॅडाप्टरमध्ये फिल्टर असतात. स्वस्त, नकली अ‍ॅडाप्टरमध्ये नेमकी तेथेच काटकसर केलेली असते. ज्या अ‍ॅडाप्टरची रचना अर्थिंग गृहीत धरून केलेली असते, त्याला अर्थिंग मिळाले नाही तर हा गोंगाट लॅपटॉपच्या देहात आणि तेथून टचपॅडच्या मोजणीत शिरतो.

आता प्लगकडे पाहावे. थ्री-पिन प्लगमधील जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. अ‍ॅडाप्टरमध्ये खोचल्या जाणाऱ्या वायरच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखी तीन भोके असतील, तर त्या अ‍ॅडाप्टरला सहसा अर्थिंगची अपेक्षा असते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोनच भोके असतील, तर तो मुळातच अर्थिंगशिवाय चालण्यासाठी बनवलेला असतो. पहिल्या प्रकारचा अ‍ॅडाप्टर टू-पिन कन्व्हर्टर लावून किंवा दोनच तारांच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवला की अर्थिंग वाटेतच तुटते. जुन्या इमारतींत तर सॉकेटला तिसरे भोक असूनही त्यामागे तार जोडलेली नसते. मी राहिलेल्या एका भाड्याच्या घरात नेमके हेच होते. तीन आठवडे मी टचपॅडला दोष देत होतो आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर मात्र तोच लॅपटॉप निमूट चालत होता.

त्यामुळे दुसऱ्या खोलीतील, शक्य असल्यास दुसऱ्या इमारतीतील थ्री-पिन सॉकेटवर, मध्ये बोर्ड न घेता, तोच चार्जर लावून पाहावा. लॅपटॉपचे आवरण धातूचे असेल, तर डावा तळवा आवरणावर टेकवून उजव्या हाताने कर्सर फिरवावा. थरथर लगेच कमी झाली तर संशय अर्थिंगवर किंवा अ‍ॅडाप्टरवर पक्का होतो. त्यानंतर दुसरा अ‍ॅडाप्टर लावून पाहावा. तो त्याच व्होल्टचा, त्याच जोडणीचा आणि तेवढ्याच किंवा अधिक वॅटचा असावा. धातूच्या आवरणाला बोट लावल्यावर हलक्या झिणझिण्या येणे किंवा टेस्टरचा दिवा मंद लागणे हे टू-पिन अ‍ॅडाप्टरवर फिल्टरमधून झिरपणाऱ्या अल्प प्रवाहामुळेही घडते. टेस्टरचा दिवा लागायला फारच थोडा प्रवाह पुरतो, म्हणून केवळ त्यावरून घाबरून जाऊ नये. पण झटका जाणवत असेल तर चार्जर तत्काळ काढावा आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. नळाला तार बांधून घरगुती अर्थिंग करण्याचा उद्योग कोणीही करू नये.

बॅटरीवरही कर्सर उडत असेल, तर हात आणि पृष्ठभाग तपासावेत. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा मे महिन्याच्या उकाड्यात तळव्याचा घाम टचपॅडवर पातळ थर धरतो. हाताला लावलेले क्रीम किंवा तेलही त्रास देते. लॅपटॉप बंद करून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने टचपॅड पुसावा, कडांवर विशेष लक्ष द्यावे आणि पूर्ण वाळल्यावरच यंत्र चालू करावे. द्रव थेट टचपॅडवर फवारू नये. शोभेचे स्टिकर किंवा संरक्षक पातळ फिल्म लावलेली असेल तर ती काढून पाहावी, कारण तिच्याखाली हवेचे बुडबुडे आणि ओलावा अडकतो. धातूची बांगडी, कडे, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा त्वचेला लागून असताना टचपॅडवर टेकला, तर टचपॅड त्यालाही स्पर्श समजू शकतो. कर्सर फक्त टाइप करतानाच उडत असेल, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळव्याचा भाग टचपॅडला घासतो आहे का, हे पाहावे.

कधी कधी टचपॅड निर्दोष असतो आणि कर्सर दुसरेच कोणी हलवत असते. बॅगेत पडून राहिलेला चालू वायरलेस माऊस हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार. यूएसबीला लावलेले सर्व डोंगल (वायरलेस माऊस-कीबोर्डचे छोटे रिसीव्हर) काढावेत आणि ब्लूटूथ बंद करावे. पडदा टचस्क्रीन असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या सर्व भागांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी; ती उघडण्याची रीत पुढे दिली आहे) ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस’खालील टचस्क्रीनची नोंद तात्पुरती निष्क्रिय करून पाहावी; तडा गेलेला किंवा ओलसर पडदा न केलेले स्पर्श नोंदवतो. कीबोर्डच्या मधोमध पॉइंटिंग स्टिक, म्हणजे बोटाने रेटून कर्सर हलवण्याची छोटी दांडी, असलेल्या लॅपटॉपवर कर्सर एकाच दिशेने हळू सरकत राहिला, तर काही सेकंद तिला हात न लावता थांबावे. बहुधा ती स्वतःच स्थिर होते.

एवढे झाल्यावरच सेटिंग्ज उघडाव्यात. विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ आणि त्याखाली ‘टचपॅड’ निवडल्यावर संवेदनशीलतेचे चार स्तर दिसतात. टाइप करताना कर्सर उडत असल्यास ‘लो’ निवडावा, कारण खालच्या स्तरावर तळव्याचे ओझरते स्पर्श दुर्लक्षिले जातात. ‘टॅप’ने, म्हणजे बोटाच्या हलक्या टिचकीने, क्लिक होण्याची सोय बंद केली तरी अनाहूत उड्या थांबतात, कारण कर्सर दुसऱ्या ओळीत जाण्यासाठी क्लिक व्हावेच लागते.

ड्रायव्हरची पाळी यानंतर येते आणि ती विशेषतः तेव्हा, जेव्हा त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झालेला असतो. आधी यूएसबी माऊस जोडून ठेवावा. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून नंतर एम दाबल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडतो. तेथे टचपॅडच्या नोंदीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ (आधीच्या ड्रायव्हरकडे परत जाण्याचा पर्याय) उपलब्ध असेल तर ते आधी करावे. नसेल, तर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. आपोआप ड्रायव्हर शोधून देण्याचा दावा करणारे फुकट प्रोग्राम टाळावेत.

तरीही शंका उरली, तर उबुंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची लाइव्ह यूएसबी, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत, तयार करून, काहीही इन्स्टॉल न करता, तिच्यावरून लॅपटॉप सुरू करावा. तेथे कर्सर सरळ चालला तर दोष विंडोजमध्ये आहे. तेथेही तसाच भरकटला तर तो बहुधा टचपॅडमध्ये किंवा त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या केबलमध्ये आहे. तंत्रज्ञाकडे जाताना या प्रयोगांचे निष्कर्ष लिहून न्यावेत. ‘बॅटरीवरही होते, उबुंटूतही होते, माऊस काढल्यावरही होते’ एवढे सांगितले की विंडोज फॉरमॅट करण्याचा सल्ला आणि त्याचे पैसे दोन्ही वाचतात.

दुरुस्तीला वेळ असेल तोवर टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याच्या पर्यायावरची खूण काढावी. माऊस लावला की टचपॅड गप्प राहतो आणि काढला की पुन्हा जागा होतो.