गोफर सर्व्हर लिहायला बसण्याआधी हे तयार ठेवा

गोफरचा (वेबसारखीच, पण नुसते मेनू आणि फाइली देणारी जुनी इंटरनेट पद्धत) सर्व्हर लिहायचा असेल तर कोड उघडायच्या आधी कागदावर पहिली ओळ ही लिहा: मेनूच्या प्रत्येक ओळीत जाणारं होस्टनेम (सर्व्हरचं नाव-पत्ता) बाहेरच्या माणसाच्या मशीनवरून उघडतं का? मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून ही यादी लिहितोय आणि म्हणून हा मुद्दा खाली परत परत येणार.

लिनक्स, एडिटर, गिट, हे असेलच. भाषा कुठलीही चालते, सॉकेट उघडता आलं की झालं.

आरएफसी १४३६ (गोफरचे नियम सांगणारा दस्तऐवज) आधी पूर्ण वाचा, मार्च १९९३ चं आहे, छोटं आहे, एका संध्याकाळचं काम. गोफर निघाला मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली आणि त्याची रचना इतकी साधी आहे की वाचून आनंद होतो. क्लायंट पोर्ट ७० वर येतो, सिलेक्टर (काय हवं ते सांगणारा मजकूर) पाठवतो, सीआरएलएफ (ओळ संपल्याची खूण) पाठवतो, तुम्ही उत्तर देता आणि कनेक्शन बंद करता. रिकामी ओळ आली तर मुख्य मेनू द्यायचा. बस. ना हेडर, ना कुकी. पावसाळ्यात नेटवर्क मरतुकडं झालेलं असताना सांगलीतल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि ४० फूट इशारा, ४५ फूट धोका एवढा मजकूर पोचवायला यापेक्षा हलकं काय पाहिजे? मला तर हे प्रामाणिकपणे आजही कामाचं वाटतं.

आता मेनूची ओळ. टाइपचं एक अक्षर (० म्हणजे टेक्स्ट, १ म्हणजे मेनू, ७ म्हणजे सर्च, ९ म्हणजे बायनरी), त्याला चिकटून दिसणारं नाव, मग टॅब, सिलेक्टर, टॅब, होस्ट, टॅब, पोर्ट. वेबवर अर्धवट लिंक दिली तरी ब्राउझर आपला आपण जोडून घेतो, इथं तसलं काही नाही, प्रत्येक ओळीत पूर्ण पत्ता जातो. आणि घोळ इथंच होतो, कारण आपल्या लॅपटॉपवर लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') चालतं, घरच्या वायफायवर १९२.१६८ वाला पत्ता चालतो, सगळं झकास दिसतं, मग मिरजेतला मित्र उघडतो आणि त्याला पहिलं पान दिसतंसुद्धा! कारण पहिला पत्ता त्यानं स्वतः टाइप केलेला असतो. पुढच्या लिंकवर गेला की त्याचा क्लायंट त्याच्याच मशीनचं पोर्ट ७० ठोठावतो. लग्नपत्रिकेवर 'स्थळ: आपलं घर' छापल्यासारखं, ज्याच्या हातात पत्रिका तो स्वतःच्याच घरी बसून राहणार. पहिलं पान उघडलं म्हणजे सर्व्हर चालला असं समजू नका.

म्हणून होस्ट आणि पोर्ट कॉन्फिग फाइलमध्ये, कोडमध्ये कुठंही नाही. सुरू होताना होस्ट लोकलहोस्ट, १२७ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा असेल तर सर्व्हरनं चालायलाच नकार द्यावा, ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहा. हातानं लिहिलेल्या मेनू फाइली असतील तर त्यांच्यातही ग्रेप मारून (मजकूर शोधून) बघा, तिथं जुनं होस्टनेम हमखास लपलेलं असतं. पोर्टचंही तेच: १०२४ च्या खालच्या पोर्टला लिनक्सवर साधारणपणे रूटचे अधिकार लागतात म्हणून आपण सर्व्हर ७०७० वर चालवतो आणि ७० तिकडं वळवतो, ते बरोबरच आहे, पण मेनूत ७० च छापा.

जागा कुठली ते आधी ठरवा. घरच्या केबलवाल्याच्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा सीजीनॅट (अनेक ग्राहकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता) असतं, राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १०० किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुतेक तेच, मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून आत येता येत नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या नाहीतर छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर).

मराठी मजकूर टाकणार असाल (टाकाच!) तर यूटीएफ-८ ठेवा आणि सिलेक्टर मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत. सिलेक्टरला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, बाइटांत मोजली तर देवनागरीत ती लवकर संपते. 'सांगली' डोळ्याला ३ अक्षरं, युनिकोडात ६ कोडपॉइंट (काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून) आणि १८ बाइट. दिसणारं नाव ७० अक्षरांच्या आत ठेवायला सांगितलंय, ते बाइट मोजून कापलंत तर शेवटी कचरा दिसेल, कोडपॉइंट मोजून कापलंत तर काना तुटेल.

सुरक्षेत हयगय नको. सिलेक्टरमध्ये दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरात घुसायचा प्रयत्न होणारच, पूर्ण खरा पाथ काढा आणि तो आपल्या फोल्डरच्या आतच आहे ना बघा, सिमलिंक (दुसरीकडे नेणारे शॉर्टकट) धरून. काहीच न पाठवता लटकून राहणाऱ्यांना टाइमआउट. ओळ एकाच रीडमध्ये पूर्ण येईल असं धरू नका, आणि न वाचलेला डेटा बफरमध्ये ठेवून सॉकेट बंद केलं तर रीसेट जाऊन क्लायंटला अर्धंच उत्तर मिळू शकतं.

मेनू आणि टेक्स्टच्या शेवटी एकटं टिंब, बायनरीला नाही. चूक झाली तर टाइप ३. फायरवॉलला ७० उघडा, व्हीपीएसच्या पॅनेलमध्येही. लॉगरोटेट, बॅकअप, आपोआप रीस्टार्ट, नेहमीचंच.

शेवटची चाचणी वायफाय बंद करून मोबाईल डेटावर, लिंक्स (lynx) या टर्मिनल ब्राउझरनं प्रत्येक लिंक उघडून. आणि कर्ल या कमांडनं कच्चा मेनू काढून होस्टचा रकाना डोळ्यांनी वाचा. डोमेन बदललं, व्हीपीएस बदलला, की परत वाचा.