निओमधील लढाई शिकताना : दम, पवित्रा आणि झानशिन

‘निओ’ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतलेला नवा खेळाडू पहिल्या काही तासांत बहुतेक वेळा एकाच कारणाने मरतो. शत्रू वार खाऊन मागे सरकतो, आपल्याला चेव येतो, आपण चौथा, पाचवा, सहावा वार करतो आणि नेमक्या त्या क्षणी आपला नायक विल्यम वाकून धापा टाकू लागतो. पुढचे दोन क्षण कोणतेही बटण दाबले तरी काही होत नाही आणि समोरचा एकाच फटक्यात खेळ संपवतो. या खेळातील लढाई शिकायची म्हणजे आधी हा दम सांभाळायला शिकायचे. बाकीची शस्त्रे, कौशल्ये, मंत्र आणि चिलखते हे सगळे त्यानंतरचे आहे.

टीम निंजा या जपानी स्टुडिओने तयार केलेला हा अॅक्शन रोल-प्लेइंग गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संगणकावरही उपलब्ध झाला. कथा इ.स. १६०० च्या सुमाराच्या, म्हणजे सेकिगाहाराच्या युद्धाच्या काळातील जपानमध्ये घडते आणि विल्यम हे पात्र त्याच वर्षी जपानला पोहोचलेल्या विल्यम अॅडम्स या इंग्रज खलाशावरून बेतलेले आहे. ‘निओ’ हे नाव जपानी बौद्ध मंदिरांच्या प्रवेशद्वारावर उभ्या असणाऱ्या दोन रक्षकमूर्तींचे आहे. त्यांपैकी एकीचे तोंड ‘अ’ म्हणताना उघडलेले असते आणि दुसरीचे ‘हूं’ म्हणताना मिटलेले असते. ही अक्षरे संस्कृतातून तिकडे गेली आणि जपानीत त्यांचा संबंध श्वास सोडणे आणि घेणे यांच्याशी जोडला गेला. ज्या खेळाचा सगळा डोलारा श्वासावर उभा आहे, त्याला हे नाव मला फार समर्पक वाटते.

सुरुवात सेटिंगपासून करावी. प्लेस्टेशन ४ वर चित्रदर्शनाचे वेगवेगळे पर्याय दिलेले आहेत. त्यांपैकी सेकंदाला ६० फ्रेम साधण्याला प्राधान्य देणारा अॅक्शन मोड निवडावा. चित्र थोडे कमी रेखीव दिसेल, पण पुढे सांगितलेली सगळी वेळ साधायला हाच पर्याय उपयोगी पडतो. त्यानंतर कंट्रोलरची उजवी काडी दाबून शत्रूवर लक्ष खिळवण्याची सवय लावून घ्यावी. लक्ष खिळले की शत्रूच्या आयुष्याच्या पट्टीबरोबर त्याच्या दमाची पट्टीही दिसते आणि ती दुसरी पट्टी वाचता येणे पुढे फार कामाला येते.

आता दमाकडे वळू. खेळात याला ‘की’ म्हणतात. वार करणे, शत्रूचा वार अडवणे, बगल देणे आणि धावणे या सगळ्यांत तो खर्च होतो. थांबले की तो आपोआप भरतो, पण लढाईच्या मध्यात इतका वेळ कोणी देत नाही. म्हणून खेळाने आणखी एक वाट ठेवली आहे. वार संपताच विल्यमच्या अंगाभोवती निळसर ठिणग्या गोळा होऊ लागतात. त्या पूर्ण गोळा होतात त्या क्षणी आर १ (कंट्रोलरच्या वरच्या कडेचे उजवे बटण) दाबले की नुकत्याच केलेल्या वारात गेलेला दम बराचसा एकदम परत येतो. ठिणग्या जमत असतानाच घाईने दाबले तर थोडाच दम मिळतो, आणि उशीर केला तर ठिणग्या विरून जातात व काहीच मिळत नाही. इंग्रजी आवृत्तीत याला ‘की पल्स’ असे नाव आहे. मूळ जपानी आवृत्तीत मात्र ‘झानशिन’ हा शब्द आहे, आणि शिकणाऱ्याने तोच ध्यानात ठेवावा असे मी आवर्जून सांगेन. केंदो या जपानी तलवारविद्येत वार केल्यानंतरही शरीर आणि मन सावध ठेवण्याला झानशिन म्हणतात. तिथे वार अचूक बसला, पण मागोमाग ती सावधता दिसली नाही, तर तो वैध गुण धरला जात नाही. या खेळातही वार ठिणग्यांपाशी पूर्ण होतो, तलवार शत्रूला लागते तिथे नव्हे.

ही वेळ हातात बसवण्यासाठी मी वापरलेली पद्धत साधी आहे. पहिल्या बेटाच्या सुरुवातीला एकटेदुकटे, कमजोर शत्रू भेटतात, तिथेच थांबावे. चौकोनाचे बटण हलक्या वाराचे आणि त्रिकोणाचे जोरदार वाराचे असते. आधी फक्त एक हलका वार करून हात थांबवावा, ठिणग्यांची वाट पाहावी आणि आर १ दाबावे. हे दहापैकी नऊ वेळा जमू लागले की दोन वारांनंतर तेच करावे आणि मग तीन वारांनंतर. वाराचा प्रकार, शस्त्र आणि पवित्रा बदलला की ठिणग्या जमण्याची वेळही बदलते, म्हणून मोजून दाबण्याची सवय लावू नये. दमाच्या पट्टीकडे पाहत बसू नये, विल्यमच्या अंगाकडे पाहावे, कारण डोळा पट्टीवर गेला की शत्रूचा हात उचललेला दिसत नाही. शत्रू आसपास नसताना हवेत वार करूनही हा सराव करता येतो. मी पहिल्या आठवड्यात एका देवळीतून, म्हणजे खेळातील विसाव्याच्या जागेतून, दुसऱ्या देवळीकडे जाताना वाटभर हेच करत असे.

एक चकमक जवळून पाहू. मधल्या पवित्र्यात तलवार आहे आणि समोर भाला घेतलेला एक माणूस आहे. त्याने भाला मागे ओढला की एल १ (वरच्या कडेचे डावे बटण) दाबून वार अडवायचा. अडवताना आपला थोडा दम जातो, पण भोसकण्यासाठी त्याचाही गेलेला असतो. त्याचा भाला परत मागे जाण्याआधी दोन हलके वार करायचे. पहिला त्याला लागतो, दुसरा तो अडवतो, आणि अडवल्यामुळे त्याच्या दमाची पट्टी आणखी खाली येते. इथे तिसरा वार करण्याचा मोह होतो, तो टाळून ठिणग्या जमू द्यायच्या आणि आर १ दाबायचे. आता आपल्याकडे जवळजवळ पूर्ण दम आहे आणि त्याच्याकडे अर्ध्याहूनही कमी. तो पुन्हा भोसकतो, आपण पुन्हा अडवतो आणि या वेळी तीन वार करतो. तिसऱ्या वाराला त्याचा दम संपतो आणि तो लटपटतो. त्या क्षणी जवळ जाऊन त्रिकोण दाबले की विल्यम तलवार आरपार घालतो. ज्याच्या आयुष्याची पट्टी जेमतेम पाव कमी झालेली होती, तो शत्रू एकाच वारात लोळतो. माणसांशी लढताना आयुष्याआधी त्यांचा दम तोडावा, हा नियम यातूनच निघतो.

योकाईंशी, म्हणजे जपानी लोककथांतील राक्षस-पिशाच्चांशी लढताना गणित थोडे बदलते. त्यांचा दम शून्यावर आला की ते प्रत्येक वाराला झोकांड्या खातात आणि आपल्याला मनसोक्त वार करता येतात. मात्र ते जमिनीवर काळपट धुरासारखा डाग पसरवतात. त्या डागात उभे राहिले की आपला दम फार हळू भरतो आणि त्यांचा मात्र वेगाने सावरतो. नवा खेळाडू त्यातून पळून बाहेर येतो आणि शत्रूला मोकळा वेळ देतो. योग्य उपाय म्हणजे त्याच डागात वार करून नीट वेळेवर झानशिन साधणे, कारण त्याने डाग पुसला जातो. दम परत मिळवणे आणि जमीन स्वच्छ करणे ही दोन्ही कामे एकाच बटणावर ठेवली आहेत, ही या खेळाच्या रचनेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. शिंगे असलेल्या धिप्पाड योकाईंच्या बाबतीत शिंगावर वार बसेल असे पाहावे, कारण शिंग तुटले की ते कोसळतात.

पवित्रे तीन आहेत आणि त्यांची जपानी नावे, जोदान, चुदान आणि गेदान, तलवारविद्येतूनच आलेली आहेत. आर १ धरून त्रिकोण दाबले की वरचा, चौकोन दाबले की मधला आणि फुली दाबली की खालचा पवित्रा मिळतो. वरच्या पवित्र्यात वार सर्वांत जबर बसतात, पण दमही तितकाच जातो. मधला पवित्रा बचावासाठी चांगला आहे. खालच्या पवित्र्यात वार हलके असतात, पण विल्यम चपळपणे बाजूला सरकतो आणि थोडक्या दमात अनेक वार होतात. पहिले पाच-सहा तास मधल्याच पवित्र्यात राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. बरेच जण सुरुवातीपासून तिन्ही पवित्र्यांत उड्या मारतात आणि त्यामुळे एकाचीही वेळ अंगवळणी पडत नाही. मधला पवित्रा पक्का झाला की दम तुटलेल्या शत्रूवर वरच्यातून वार करणे आणि चपळ शत्रूसमोर खालच्यात उतरणे हे आपोआप सुचू लागते.

त्यानंतर पवित्रा बदलणे आणि झानशिन यांची सांगड घालावी. दोन्हींसाठी आर १ लागते. म्हणून ठिणग्या जमल्या त्या क्षणी आर १ सोबत दुसऱ्या पवित्र्याचे बटण दाबले की दम परत मिळतो आणि पवित्राही बदलतो. सामुराई कौशल्यांत ‘फ्लक्स’ नावाचे एक कौशल्य आहे. जपानीत त्याला ‘रुतेन’, म्हणजे अखंड वाहते परिवर्तन, म्हणतात. ते घेतल्यावर असा बदल करताना जास्तीचा दमही मिळतो. कौशल्यगुण हाती येताच आधी हेच घ्यावे. देखण्या नव्या वारांवर गुण खर्च करण्याची घाई करू नये.

शस्त्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर सुरुवातीला तलवार किंवा भाला यांपैकी एक निवडावे. मी तलवार सुचवतो आणि त्याला एक ठोस कारण आहे. या खेळात ‘हार्ट’ हा गुण वाढवला की दम वाढतो आणि तलवारीचा मारही त्याच गुणावर अवलंबून असतो. त्यामुळे एकाच ठिकाणी गुंतवलेल्या गुणांचा दुहेरी लाभ होतो. चिलखत निवडताना एकूण वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या खाली राहील याची काळजी घ्यावी. त्यापलीकडे गेले की हालचाल जड होते, बगल देताना जास्त दम जातो आणि जाड पोलादाने वाचवलेले आयुष्य उशिरा हललेल्या पावलात गमावले जाते.

पहिल्या बेटावरचा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू, ओन्र्योकी हा या सगळ्याची पहिली खरी परीक्षा घेतो. साखळदंडांना बांधलेले दोन प्रचंड लोखंडी गोळे घेऊन तो फिरवतो. त्याच्यापासून दूर पळावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण लांब उभे राहिले की साखळीचा पूर्ण पल्ला आपल्यावर येतो. गोळा फिरण्याच्या दिशेला आत शिरून त्याच्या कुशीपाशी किंवा पाठीमागे जावे. त्याने गोळे जमिनीवर आपटले की ते उचलायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात दोन वार करावेत, झानशिन साधावे आणि बाहेर निघावे. या बॉसपाशी माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, कारण माझे लक्ष सतत त्याच्या आयुष्याच्या पट्टीवर होते आणि ती थोडी उरलेली दिसली की मी तिसरा-चौथा वार करत होतो. तिसऱ्या संध्याकाळी दोनच वारांचा नेम शेवटपर्यंत पाळला आणि तो पहिल्याच प्रयत्नात पडला.

मेल्यावर आपला संरक्षक आत्मा आणि साठवलेली अमृता (शत्रू मारून मिळणारे अनुभवाचे गुण) त्या जागीच राहते. तिथे पोहोचण्याआधी पुन्हा मेलो तर ती अमृता कायमची जाते. म्हणून नवी जागा शिकायला निघण्याआधी देवळीत जाऊन हातातील अमृता पातळी वाढवण्यासाठी वापरून टाकावी. गमावण्यासारखे काही उरले नाही की माणूस शांतपणे शिकतो. वाटेत जमिनीत रोवलेल्या लालसर तलवारी दिसतात. इतर खेळाडू जिथे मेले तिथे त्या उभ्या असतात. त्यांना स्पर्श केला की त्या खेळाडूचे भूत त्याच शस्त्रांनिशी उठून लढते. माणसाशी लढण्याचा यापेक्षा चांगला सराव खेळात दुसरा नाही. प्रतिस्पर्ध्याची पातळी आधीच दिसते, त्यामुळे आपल्या आसपासची निवडावी आणि भाला, कुऱ्हाड, जोडतलवार अशी वेगवेगळी शस्त्रे धरणारे मुद्दाम शोधावेत.

शत्रूला संथ करणारा एक ताईत ओन्म्यो या खेळातील मंत्रविद्येत मिळतो आणि तो इतका प्रभावी आहे की अवघड बॉसही त्यापुढे सोपे होतात. तो वापरण्यात गैर काही नाही, मात्र शिकण्याच्या काळात तो बाजूला ठेवावा, कारण संथ झालेल्या शत्रूवर बसवलेली वेळ मूळ वेगापुढे टिकत नाही. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात शत्रूच्या लाल झळाळीच्या वाराला नेमक्या क्षणी उलट तडाखा देण्याची सोय आहे. तिच्यासाठीही नजर हीच लागते आणि दमाचे गणित जवळपास तसेच राहते.

मधल्या पवित्र्यातील झानशिन न पाहता जमू लागले की ‘रनिंग वॉटर’ हे कौशल्य घ्यावे. ते प्रत्येक पवित्र्यासाठी वेगळे असते, म्हणून आपण जास्त वापरतो त्या पवित्र्याचे आधी घ्यावे. त्यानंतर वार संपल्यावर आर १ ऐवजी बगल दिली तरी झानशिन होते. म्हणजे शत्रूच्या तडाख्यातून निसटतानाच दम परत मिळतो. वेळ तीच राहते, त्यामुळे ठिणग्यांकडे पाहायला शिकलेल्या डोळ्याला नव्याने काही शिकावे लागत नाही. आर १ वर जाणारे बोट तेवढे फुलीवर न्यायचे, आणि कोणत्या दिशेला सरकायचे ते शत्रूच्या खांद्याकडे पाहून ठरवायचे.