आईची, आज्जीची स्मरणिका: काय जमवायचं, कसं छापायचं

आपल्या बेळगाव भागात पहिल्या पुण्यस्मरणाला घरची स्मरणिका काढायची असेल तर सगळ्यात आधी गुरुजींना तिथी विचारून घ्या. वर्षश्राद्ध तिथीनं होतं. ती इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक महिना पडला तर उलट पुढं जाते. तारीख धरून छापखान्यात काम दिलं की पाहुणे जेवून गेल्यावर गठ्ठा घरी येतो. तीन महिने हातात ठेवा. त्यातला पहिला महिना फक्त माणसांना भेटण्यासाठी ठेवा, कारण फोटो वर्षभर थांबतात, तिच्या वयाच्या जावा-नणंदा थांबतीलच असं नाही.

‘प्रेमळ होती, कष्टाळू होती’ हे कुठल्याही आईबद्दल छापता येतं. तीच ओळखू यावी असं काही मिळवायचं तर प्रश्न बारीक हवेत. ‘आज्जी कशी होती?’ असं विचारू नका. पहाटे उठून पहिलं काम कुठलं, तंबाखूच्या खळ्यावर जाताना लेकरू कुणाकडं ठेवायची, बाजाराचा पैसा कुठं बांधायची, असं विचारा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बोलणाऱ्याजवळ, उशीवर ठेवा. फरशीवर किंवा स्टीलच्या ताटाजवळ आवाज घुमतो. पाऊण तासाच्या वर बसवू नका. ओव्या नुसत्या विचारल्या तर दोन ओळींत अडतात. पुढ्यात जातं मांडून मूठभर जोंधळे घाला, हात फिरायला लागला की पुढची ओळ येते. उतरवून घेताना ‘हुतं’चं ‘होतं’ करू नका. बोलण्यात आलेला कन्नड शब्दही तसाच राहू द्या. तिचा आवाज त्यातच आहे.

गावात महालक्ष्मी यात्रा ठरली असेल तर ती संधी सोडू नका. एरवी दहा गावं फिरून भेटणार नाहीत एवढ्या माहेरवाशिणी एका वाड्यात भेटतात.

नाव आणि जन्मसाल इथं बहुतेक स्मरणिका चुकतात. माहेरी यमुना, सासरी लक्ष्मीबाई, सरकारी नोंदीत कन्नडमधून आलेली लक्ष्मव्वा, आणि मुलं हाक मारायची ती अक्का! चारही नावं पहिल्या पानावर द्या, नाहीतर माहेरच्या लोकांना ही आपलीच यमू हे कळायचं नाही. आधारवर १ जानेवारी किंवा १ जून अशी जन्मतारीख असेल तर ती अंदाजानं घातलेली असण्याचा संभव मोठा. शाळेत गेली असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ शिक्क्यावरून लागतो. आपल्या भागात शिक्क्यावर राज्याचं नाव ‘मुंबई’ असेल तर तो १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, ‘म्हैसूर’ असेल तर त्यानंतरचा, ‘कर्नाटक’ असेल तर १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा. इंग्रजीत ‘बेळगाम’ऐवजी ‘बेळगावी’ आलं असेल तर २०१४ च्या नोव्हेंबरनंतरचा. छापील फॉर्मवर भिस्त ठेवू नका, जुने फॉर्म पुढंही वापरून संपवतात, शिक्काच बघा. माहेर आता कोल्हापूर जिल्ह्यात असलेल्या चंदगडकडचं असेल तर आणखी सांभाळा: तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळं जुन्या कागदावर ‘जिल्हा बेळगाव’ दिसलं म्हणून गाव चुकलं असं समजू नका. पाकिटावर पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. मोडी लिपीतला कागद निघाला तर आधी फोटो काढा, मग वाचणारा शोधा. जुना कागद लॅमिनेट मात्र कधीही करू नका. एकदा चिकटला की परत सुटत नाही.

तोंडी आठवणींना साल लावायला मोठ्या घटना उपयोगी पडतात: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, १ जून १९८६ चा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबार. ‘त्या वेळी धाकटा चालत होता का?’ एवढ्या प्रश्नावर वर्ष जुळतं.

पाककृती घ्यायची तर एकच घ्या, पण पुरती घ्या. ‘अंदाजानं मीठ’ असं लिहिलेली कडबूची कृती नातीच्या कामाची नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या सुनेला करायला बसवा. पिठाचा, गुळाचा, तेलाचा प्रत्येक डबा आधी वजनकाट्यावर ठेवा, काम झाल्यावर परत ठेवा. वजनातला फरक म्हणजे पडलेलं प्रमाण. तिचं मापटं घरात असेल तर त्यातच तांदूळ भरून ग्रॅममध्ये मोजा. पुस्तकातला शेर-पायलीचा हिशेब लावू नका, गावागणिक माप फिरतं. मांड्यासारख्या पदार्थाचा तर व्हिडिओच घ्या. पीठ हातावर कसं फिरतं, हे शब्दांत बसत नाही.

फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके), पोस्टकार्डाएवढा असेल तर ३०० नं स्कॅन करा, मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का तिथं असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, काचेवरच राहतं. काचेसकट सोप्यात, म्हणजे ओसरीवर, सावलीला ठेवून थोडं तिरकं धरून फोनवर त्याचा फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छपाईत चेहरा फुटतो.

मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीत लागतात; ३२ पानं पुरेत. आत १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, फोटोंच्या पानांना १३० चा आर्ट पेपर, कव्हर २५० जीएसएम. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे साठीच्या पुढचे आहेत. युनिकोड (फोनवर टाइप होतो तो) मजकूर छापखान्याच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून तयार पीडीएफ द्या आणि छापून आणलेलं प्रूफ दोघांनी वाचा, एकानं फक्त नावं. कन्नड शाळेत शिकलेल्या नातवंडांसाठी वंशावळ आणि फोटोंखालच्या ओळी कन्नडातही द्या.

दुसऱ्यांकडून आणलेला प्रत्येक फोटो वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर मालकाचं नाव-गाव लिहा. स्मरणिका द्यायला जाल तेव्हा तोही परत करा.